रशियाच म्हणायचं

२४ मार्च २०२४, रविवार

सकाळपासून फोनच फोन. मॉस्कोत कुठल्याशा गाण्याच्या कार्यक्रमात परवा अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली, आणि ज्याच्या ज्याच्याकडे माझा नंबर आहे त्याला आज माझ्या अंबिकाची आठवण झाली. शिरूर अनंतपाळहून चुलतभावाचा आला, सोसायटीतून आला, ज्याला वर्षभर माझं नाव आठवलं नव्हतं त्या जुन्या भाडेकरूचाही आला. उदगीरहून थोरली बहीण बसम्माक्का तर हुंदके देतच बोलली.

"शिवू, पोरीला माघारी बोलव रे. डाक्टर न्हाई झाली तर न्हाई झाली."

मी म्हणालो, "अक्का, ती तिथनं लई लांब हाय."

"किती लांब? लातूरहून औसा हाय इतकं, का पुणं हाय इतकं?"

मॉस्को आणि बिश्केक यांच्यातलं अंतर मोबाईलवर मी कितीदा तरी बघितलं आहे, पण बिश्केक हे नाव मी अक्कापुढं कधी घेतलेलं नाही.

वहीला तरी खरं सांगावं. अंबिका रशियात नाही. ती किर्गिझस्तानात शिकते, बिश्केकला. पण आमच्या या ट्यूशनच्या भागात, जिथं माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, तिथं सगळ्या परदेशाचं नाव रशिया. नीटला गुण कमी पडले की पोरं 'रशियाला' जातात. कुणी जॉर्जियाला जातो, कुणी उझबेकला. एकजण फिलिपाइन्सला गेला, त्याची आईसुद्धा 'आमचा रशियात असतो' असंच सांगते. एजंटाच्या बोर्डावरही तेच होतं. तेव्हा सुरुवातीला खोटं मी बोललो नाही. लोक म्हणाले आणि मी मान हलवली.

मग अक्काला एकदा खरं नाव सांगायला गेलो. 'स्तान' कानावर पडल्याबरोबर ती खाटेवर उठून बसली. "पाकिस्तानच्या बाजूला धाडलास व्हय? पोरीचं लगीन करायचं हाय का न्हाई तुला?" मी लगेच म्हणालो, न्हाई गं, रशियाच. त्या दिवसापासून माझी पोर रशियात आहे.

अंबिकाची आई महानंदा होती तोवर याचं काही वाटत नव्हतं. बाहेर काही सांगितलं तरी घरात आम्ही दोघं बिश्केकच म्हणायचो. ती तर गमतीनं 'तुमचं बिस्किट' म्हणायची. ती गेल्यापासून या गावात ते नाव उच्चारायला दुसरं माणूस नाही.

दुपारी अंबिकाचा फोन. "अप्पा, मॉस्को कुठं, मी कुठं!" मग तिच्या हातातून सुंबुलनं फोन ओढून घेतला. ही तिच्या खोलीतली मैत्रीण, दिल्लीची. म्हणाली, "अंकल, फ़िक्र न करें. आपकी बेटी सिर्फ़ मुझसे डरती है." पोरगी मोठी गोड बोलते. मीही आपली दख्खनी चालवली, "खाना खाई क्या बेटा?" ती खो खो हसली. म्हणाली, "बस यही सुनने के लिए तो आपसे बात करती हूँ."

आज होळी. पोळी शेजारच्या खानावळीतून आली, गुरुलिंगनं पाठवली. एकट्यासाठी पुरण कोण घालत बसतंय.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडवा झाला. गुढी उभारली. उतरवताना बांबू हातातून निसटला आणि तांब्या गच्चीवरून खाली गेला. चेपला. कुणाला लागलं नाही हे नशीब.

आज व्हिडिओवर बघतो तर सुंबुल हिरव्या कपड्यांत, हातावर मेंदी. म्हणाली, अंकल ईद मुबारक. मी म्हटलं, "बेटा, हमारे पास ईद कल है." ती म्हणाली, "हमारे घर भी आज ही है अंकल, अब्बू नमाज़ पढ़के आ गए." दिल्लीत चंद्र आधी दिसत असणार. मी तसं म्हणालो तर अंबिका उगाच खोकली आणि विषय बदलून आंब्यावर आली. केशर आला का बाजारात म्हणून. सुंबुल म्हणाली, आमच्या चौशाची सर कशालाच नाही. दिल्लीकरांना आपलंच सगळं थोर वाटतं.

या पोरीला मराठी अक्षर येत नाही ते समजू शकतो, पण अंबिकानं हिंदीत लिहिलेलंही वाचता येत नाही म्हणे. इंग्रजी शाळेत घातलेल्या पोरांची ही गत. माझे वडील उर्दूत शिकले, निजामाच्या राज्यात, तरी मोडी, मराठी, कानडी सगळं वाचायचे.

१० मे, शुक्रवार

बसव जयंती. मिरवणुकीत थोडं चाललो, उन्हानं डोकं दुखायला लागलं म्हणून माघारी फिरलो. मतदान आटोपलं, नीटही आटोपली, त्यामुळं रस्ते ओस आणि दुकानात माशी नाही. गुरुलिंग खानावळ बंद करून दुपारी माझ्या काउंटरवर येऊन बसतो. आज अर्धापूरची केळी घेऊन आला होता.

"अण्णा, अंबिका कधी येती रशियाहून? आमच्या साडूचं पोरगं हाय बघा, नांदेडला."

मी म्हणालो, बघू. तो पुढं म्हणाला, "रशियन बायका लई गोऱ्या ऱ्हातात म्हणं. आपली अंबिका पन गोरी झाली असंल." मी झेरॉक्स मशीन पुसायला घेतली. ती पुसायची गरज नव्हती.

१८ मे, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी उठलो तर मोबाईलवर अंबिकाचे निरोपांवर निरोप. रात्रभर फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला आणि मी आत कूलरच्या आवाजात मेल्यासारखा झोपलेलो. असा बाप.

झालं ते असं. या आठवड्यात तिथल्या पोरांची आणि इजिप्तच्या विद्यार्थ्यांची कुठंतरी मारामारी झाली. त्याचा व्हिडिओ फिरला. काल अंधार पडायच्या सुमारास बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांभोवती जमाव गोळा व्हायला लागला. दारं फोडली, पोरांना मारलं. आणि इजिप्तवाले राहिले बाजूला, जमाव ओरडतोय 'पाकिस्तानी कुठं आहेत'. कारण त्यांना सावळा दिसला की तो पाकिस्तानी. आमची अंबिका त्या वेळी समोरच्या औषधाच्या दुकानात होती. दुकानदारानं शटर अर्धं ओढलं आणि पोर आत अडकली. रस्त्यावर पोरांचे घोळके.

तिला आणायला सुंबुल गेली. दोघी जिच्याकडं भाड्यानं राहतात त्या घरमालकिणीचा लांब कोट घातला, तिच्यासारखा रुमाल बांधला, मान खाली घालून रस्ता ओलांडला, आणि अंबिकाला कोटाखाली घेऊन परत आली. मालकिणीनं सगळे दिवे घालवले आणि स्वतः जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसली. पोरं आली, तिनं त्यांच्या भाषेत आईबहिणीवरून झाडलं असावं, ती निघून गेली.

सकाळी बोललो तेव्हा दोघी ठीक होत्या. बाहेर पडायचं नाही असा हुकूम आहे. अंबिकाचा आवाज बसला होता. मी म्हणालो, "ती रशियन बाई देवमाणूस गं." अंबिका म्हणाली, "अप्पा, ती रशियन नाही. रशियन म्हटलं की तिला राग येतो." बरं, नसेल. मला तेव्हा ते काय करायचं होतं?

संताप आला तो वेगळाच. आमची पोर यांना पाकिस्तानी वाटते? गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, लातूरची पोर. डोळे फुटले का यांचे? जगात कोण कुठला हे ज्यांना कळत नाही त्यांच्यात मी लेकरू पाठवलं.

दुकान उघडलं, कारण घरात बसवेना. मार्चमध्ये ती सुखरूप होती तेव्हा अर्ध्या जिल्ह्यानं विचारलं. आज दिवसभरात फोन आला एकच, कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा. मी तिला म्हणालो, नको, आणि फोन ठेववेना. ती बिचारी हॅलो हॅलो करत राहिली. माणसाचा आवाज होता, म्हणून ऐकत राहिलो.

१९ मे, रविवार

आज सांगितलं. गुरुलिंगला. पोटात मावेना.

त्याला आत बोलावलं, स्टूल दिलं, म्हणालो, "गुरुलिंग, तुला एक सांगायचं हाय. अंबिका रशियात न्हाई."

तो घाबरला. "मग? पळून-बिळून..."

"न्हाई रे. ती किर्गिझस्तानात हाय. पयल्यापासनं. तिथं दंगल झालीया. परवा पोरगी मरता मरता वाचली." इतक्या दिवसांनी ते नाव कुणापुढं घेतलं.

त्यानं ऐकून घेतलं. पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे रशियाच की अण्णा. तिकडं युद्ध चालूच हाय, लढाईत असं होणारच."

मी म्हणालो, रशिया वेगळा, हा देश वेगळा. मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. "हाव, बाजूलाच हाय की. आपल्याला काय, समदं रशियाच म्हणायचं." आणि चहा सांगायला गेला.

चहा आला, आम्ही प्यायलो. मन हलकं होईल वाटलं होतं. संध्याकाळी बघतो तर हा पठ्ठ्या खानावळीतल्या पोरांना सांगून राहिला होता, 'अण्णाची पोरगी रशियाच्या लढाईत सापडली.'

२३ मे, गुरुवार

सुंबुल घरी निघून गेली. तिच्या वडिलांनी विमानाची सोय केली, तिथले बरेच विद्यार्थी निघून चाललेत. अंबिकाचं चालू आहे की परीक्षा ऑनलाइन होईल का तिथंच होईल ते ठरू दे, मग बघते. म्हणजे आता त्या खोलीत ती एकटी.

मी काल गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. ज्या पोरीनं माझी लेक कोटाखाली घालून आणली तिला काही न देता कसं जमेल? महानंदा असती तर तिची ओटी भरली असती, साडी नेसवून पाटावर बसवलं असतं. मला ते काय कळतं? दुकानदारानं ड्रेसचं कापड दाखवलं, पोपटी रंगाचं, काठाला बारीक जरी. घेतलं. आज अंबिकाला फोन करून म्हणालो, सुंबुलचा दिल्लीचा पत्ता दे, कुरिअर करतो. नाहीतर मीच जातो, सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून सुटते, सरळ गाडी आहे. त्यांच्या घरी जाऊन हात जोडून येतो.

"राहू द्या अप्पा."

"का म्हणून? पत्ता दे."

"मी सांगेन तिला, तुम्ही घेतलंय म्हणून."

"सांगून पोट भरतं व्हय? पत्ता दे म्हणतो."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "अप्पा, ती मुलतानची आहे."

"कुठलं मुलतान?"

"एकच मुलतान आहे अप्पा."

मी ओरडलो. खोटं कशाला लिहू, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी ओरडलो. तीन वर्षं बापाशी खोटं बोललीस? माझ्याकडून त्या पोरीला बेटा बेटा म्हणवून घेतलंस? काय समजलीस मला?

तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही मला रशियात ठेवलंत. मी तिला दिल्लीत ठेवलं. तुम्हाला लोकांची भीती वाटली, मला तुमची वाटली."

मी फोन ठेवला.

मग दुपारी, जेवण तसंच झाकून ठेवलेलं असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. जमाव पाकिस्तानी शोधत होता. अंबिकाला पकडलं असतं तर ती रडून-ओरडून सांगू शकत होती की मी नाही, मी भारतातली, पासपोर्ट बघा. सुंबुलला ती सोय नव्हती. ती खरीच पाकिस्तानी होती, आणि तीच जिना उतरून त्यांच्यात गेली.

मी लगेच अंबिकाला फोन लावला. तिनं उचलला नाही. बरोबरच आहे.

२ जून, रविवार

अंबिका बोलते, पण तेवढ्यास तेवढं. जेवलीस का, जेवले. बाहेर पडतेस का, थोडं. आता रडत नाहीस ना, नाही. आई गेल्यावर जशी बोलायची तशी. मी म्हणालो, घरी ये. ती म्हणाली, परीक्षा बुडेल, आणि घरी येऊन मी कुठून आले म्हणून सांगू? मी दुसरं काहीतरी विचारलं, कूलरचं की कशाचं.

पोपटी कापड कपाटात आहे. कुरिअरवाला रोज दुकानात येतो. विचारायला काही हरकत नव्हती की तिकडं पार्सल जातं का. पण काउंटरवर दोन माणसं उभी असताना ते शहर तोंडातून निघालं नाही. तो गेल्यावर वाटलं, जा रे शिवप्रसाद, पोरगी जमावात गेली आणि तुला कुरिअरवाल्याचं भ्या.

अक्काचा फोन आला होता. रशियात आता बरं आहे का म्हणाली. बरं आहे म्हणालो.

संध्याकाळी अंबिकानं विचारलं, "सुंबुलच्या अब्बूंना तुमच्याशी बोलायचंय. नंबर देऊ का?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, करा विचार.

९ जून, रविवार

विचार करायला आठवडा गेला. परवा म्हणालो, दे नंबर. आज चार-साडेचारच्या सुमाराला फोन वाजला. रविवार, रस्त्यावर सामसूम. निकालानंतर नवीन पोरं अजून यायची आहेत. पडद्यावरचा परका नंबर बघून माझा हात आधी शटरकडं गेला, मग मलाच लाज वाटली आणि उचलला.

"अस्सलामु... जी, नमस्कार भाईसाहब. मैं मंसूर. सुंबुल का वालिद."

मी उभाच राहिलो. ज्यांच्या पायावर डोकं ठेवायला दिल्लीला निघालो होतो त्यांच्याशी तोंडाला येतं तेच बोललो. "खाना खाए क्या आप?"

तिकडून हसण्याचा जो आवाज आला, अगदी पोरीसारखाच. म्हणाले, सुंबुलनं सांगितलं होतं, तुम्ही पहिलं हेच विचाराल.

त्यांचं कापडाचं दुकान आहे. बायको आहे, सुंबुलच्या पाठची दोन पोरं आहेत. मी म्हणालो, तुमच्या लेकीनं माझी लेक वाचवली. ते म्हणाले, त्याआधी माझ्या लेकीला ताप होता तेव्हा तुमच्या लेकीनं तिला उशाशी बसून भात भरवला, ते तुम्हाला ठाऊक नसेल. नव्हतं ठाऊक.

मग मी धीर करून सांगून टाकलं. "भाईसाहब, हमारे घर में आपकी बच्ची तीन साल दिल्ली की थी."

मग म्हणाले, "और हमारे मोहल्ले में आपकी नेपाल की है. मैंने ही कह रखा है. यहाँ लोग... आप समझते हैं."

"समझता मैं. मैं नहीं समझूँगा तो कौन समझेगा?"

आम्ही दोघं इतके हसलो की माझा चष्मा घसरला. काय सांगू, या वर्षात मी कुणाशी असं बोललो नव्हतो. तो माणूस मी कधी बघितलेला नाही, बघणारही नाही, पण मला त्याच्यापुढं काही सांभाळून बोलायचं नव्हतं. मी बिश्केक म्हणालो, त्यांना कळलं. किर्गिझस्तान म्हणालो, तेही कळलं. घरमालकीण रशियन नाही हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आपकी बच्ची वहाँ अकेली है. यहाँ सब कहते हैं लड़की को अब मत भेजो. मैंने सुंबुल से कहा, अंबिका वहाँ बैठी है, तू पहली फ़्लाइट से जा. अगले हफ़्ते जा रही है."

मला रडू आलं. आलं ते आलं, लपवलं नाही. त्यांनीही 'अरे भाईसाहब, अरे भाईसाहब' एवढंच केलं. मग पोपटी कापडाचं सांगितलं. त्यांना त्याचं फार हसू आलं, की कापडाच्या दुकानदाराला तुम्ही कापड पाठवता. म्हणाले, अंबिका सुट्टीत येईल तेव्हा तिच्याजवळ द्या, ती बिश्केकला सुंबुलला देईल, दुसरा रस्ता कुठं आहे आपल्याला.

फोन ठेवला आणि डोळे पुसतोय तोच गुरुलिंग आत आला. संध्याकाळच्या भारत-पाकिस्तान मॅचसाठी खानावळीत टीव्ही लावायचा होता, त्याला वायरचं एक्स्टेन्शन हवं होतं.

"कुणाचा फोन होता अण्णा? लई हसून ऱ्हायले होते. बाहीर आवाज येत व्हता."

मी ठरवलं होतं की आता नाही. आता पुन्हा नाही.

"पाकिस्तानातनं होता," मी म्हणालो.

मग त्यानं काउंटरवर थाप मारली. "मॅच हाय म्हनून व्हय! मग काय म्हनले? आधीच हरलो म्हनले का?"

"खरंच सांगतो गुरुलिंग. मुलतानहून होता. अंबिकाच्या मैत्रिणीचे वडील. दिल्लीची न्हाई ती, मुलतानची हाय."

"आनि मी लाहोरचा!" तो हसता हसता वाकला, डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. एक्स्टेन्शन खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला, तिथून परत आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "वैनी गेल्यापासनं आज पयल्यांदा मस्करी केली अण्णा तुमी. लई बरं वाटलं बघा."

त्याला खरोखरच इतकं बरं वाटत होतं की मला पुढं काही बोलवलं नाही.